डावीकडे अर्धी गाडी

५ मार्च, गुरुवार

रेडिओवर मी एका दमात सहा-सात शब्दांच्या वर जात नाही. आमच्या धंद्यात तेच शहाणपण. ताशी तीनशेच्या वेगाने जाणाऱ्या माणसाच्या कानात लांबण लावलं, तर माझं वाक्य संपेपर्यंत तो दुसऱ्याच वळणावर पोचलेला असतो. त्यामुळे उरलेलं सगळं पोटात साठतं आणि घरी येऊन बायकोवर रिकामं होतं. परवा ती म्हणाली, ही उरलेली वाक्यं कुठेतरी लिहून काढ, माझे कान भरले. म्हणून हा उद्योग.

रविवारी मोसमाची पहिली शर्यत. या वर्षी मी ज्याच्या कानात बोलणार तो माझा सख्खा मेहुणा. तिशीला टेकला तरी घरात त्याला सगळे धाकटाच म्हणतात. साहेबांनी, म्हणजे आमच्या संघाच्या मालकांनी, मला आधी विचारलं होतं की नात्यातला इंजिनिअर चालेल का. मी नाहीच म्हणणार होतो. 'ब्रेक लवकर मार' म्हणालो तर तो इंजिनिअरचं ऐकणार की दाजींचं टोलवणार? पण बायकोने हट्ट धरला. माझ्या कामात तिने आजवर कधी नाक खुपसलं नव्हतं, त्यामुळे मला मोडता घालवेना.

धाकटा फेब्रुवारीतल्या अपघातातून उठून आलाय. चाचणीच्या वेळी पुढचं चाक निखळलं आणि त्याच्या हेल्मेटवर डाव्या बाजूला आदळलं. सक्तीची विश्रांती झाली, मग संघाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. अक्षरांचा तक्ता त्याने खालच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचून दाखवला. त्या दिवसापासून जरा गप्प गप्प असतो, एवढंच. मोठ्या अपघातानंतर माणूस काही दिवस असा असतोच.

काल जेवायला आला होता. आत येताना दाराच्या चौकटीवर खांदा आपटला आणि चौकटीलाच 'माफ करा' म्हणाला. आम्ही हसलो. जेवताना बायकोने मला माझ्या खुर्चीवरून उठवलं आणि त्याला तिथे बसवलं, डाव्या हाताला भिंत. म्हणे तिथे वारा लागत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी खुर्ची एवढी उबदार आहे हे मला काल कळलं.

८ मार्च, रविवार

चौथा आला. त्यात पाच सेकंदांची शिक्षा आणि पंचांची ताकीद.

दोनदा कट मारला त्याने. एकदा तर दुसऱ्या संघाच्या पोराची गाडी पार गवतात ढकलली. पोरगं शेजारी येऊन पोचलं होतं आणि धाकटा ते तिथे नसल्यासारखा वळला. मी पिटच्या, म्हणजे टायर बदलायच्या जागेच्या, कठड्यावर बसून पडद्यावर बघत होतो. खरं सांगायचं तर माझी छाती थोडी फुगली. मागची चार वर्षं सगळे म्हणायचे की पोरगा वेगवान आहे पण मवाळ आहे, जागा मागितली की देतो. आता म्हणून बघा.

वार्ताहरांनी लगेच बारसं केलं, 'घुसखोर'. धाकट्याला सांगितलं तर हसला. म्हणाला, "वाईट नाही, दाजी. राहू दे."

२२ मार्च, रविवार

आज मात्र अती झालं. सुरुवातीच्याच फेरीत त्याने एकाच्या गाडीचा पुढचा पंख मोडला आणि नंतर आमच्याच संघाच्या दुसऱ्या गाडीला घासला. साहेब माझ्याकडे असे बघत होते, जणू स्टिअरिंग माझ्याच हातात होतं.

शर्यतीनंतर त्याला ट्रकमागे गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. ओव्हरटेक करताना घुसणं वेगळं आणि शेजारी आलेल्याच्या अंगावर गाडी घालणं वेगळं. पहिल्याला हिंमत लागते, दुसऱ्याला नुसता माज.

"तुला दिसला नाही का तो?" मी विचारलं.

"दिसला होता," तो म्हणाला. प्रश्न संपायच्या आत म्हणाला. माझ्याकडे न बघता हातमोजे काढत बसला.

दिसूनही हे करायचं, याचं मला जास्त वाईट वाटलं. आमच्या लग्नात करवला म्हणून जो माझ्या बुटांपाशी बसला होता, त्याला मी ओळखत नाही असं आज वाटलं.

२६ मार्च, गुरुवार

बायकोशी बोललो. नेहमी ती भावाची बाजू घेते, आज घेतली नाही. भांडी पुसता पुसता म्हणाली, "तू त्याला नुसतं अंतर का सांगतोस? कुठल्या बाजूला आहे तेही सांग ना."

तिला समजावलं की असं कुणी करत नाही. मागची गाडी किती सेकंदांवर आहे हे आम्ही सांगतो. बाजू चालकाची चालक बघतो. तेवढं सांगत बसलो तर तो आंधळा आहे का, असं ऐकणारा विचारेल. आमचा रेडिओ सगळं जग ऐकतं. ती एकच ताट बराच वेळ पुसत राहिली.

पण नंतर अंघोळ करताना डोक्यात आलं की कल्पना अगदीच टाकाऊ नाही. मी बाजू सांगितली म्हणजे 'मला दिसलंच नाही' म्हणायला त्याला तोंड उरणार नाही. साऱ्या जगाच्या कानावर गेलेलं असेल. लाजेने तरी जागा सोडेल. बेशिस्त पोराला वर्गात पहिल्या बाकावर बसवावं तसं.

त्याला फोनवर सांगितलं: यापुढे बाजू सांगेन, आणि शेजारची गाडी तुझ्या गाडीला किती लागून आली तेही. 'डावीकडे, अर्धी गाडी.' 'डावीकडे, पूर्ण.' 'मोकळं.' मला वाटलं होतं चिडेल. कुठल्याही चालकाला हे अपमानाचंच.  तो म्हणाला, "चालेल दाजी. जमेल तेवढं सांगत राहा." इतका गरीब कसा झाला, कोण जाणे.

५ एप्रिल, रविवार

दुसरा. दुसरा आला. एकाही गाडीला घासला नाही.

माझे पाय आज जमिनीवर नाहीत, आणि हे इथे लिहायला हरकत नसावी. शर्यतभर मी बोलत होतो. समोरच्या पडद्यावर गाड्यांचे ठिपके, शेजारच्या पडद्यावर कॅमेरा, आणि माझं तोंड चालू. डावीकडे, अर्धी. डावीकडे, पूर्ण. मोकळं. तो घड्याळासारखा वागला. तीनदा एवढी सुंदर जागा सोडली की पंचांपैकी कुणीतरी नंतर येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. साहेब म्हणाले, मेहुण्याला वळण लावलंत. मी म्हणालो, वळण तो घेतो, मी नुसतं सांगतो. बऱ्यापैकी विनोद होता, पण हसलं कुणी नाही.

धाकटा गाडीतून उतरला तो सरळ माझ्याकडे आला आणि माझ्या गळ्यात पडला. घामाने निथळत होता. "दाजी, तुमचा आवाज म्हणजे माझी अर्धी गाडी," असं म्हणाला.

९ एप्रिल, गुरुवार

कारखान्यात सिम्युलेटरचा दिवस. अंधाऱ्या खोलीत खोटी गाडी, अर्धगोल पडदा आणि पडद्यावर खोट्या गाड्या. प्रत्येक शर्यतीआधी चालकाने तिथे बसायचं असतं. धाकटा पाच-सहा फेऱ्यांनंतर पोटात ढवळतंय म्हणून उठला. तिसऱ्यांदा असं झालं. मी त्याला चिडवलं की खऱ्या गाडीत वाघ आणि खोट्या गाडीत मांजर. तो म्हणाला की इथे तुम्ही बोलत नाही ना, करमत नाही. मस्का लावायला तो लहानपणापासून पटाईत आहे.

१९ एप्रिल, रविवार

जिंकला. आणि मास्तरांना मागे टाकून जिंकला.

मास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे. नव्या चालकांना ते स्वतःहून शिकवतात, म्हणून सगळे तसं म्हणतात. वयाने आमच्यातले सर्वांत वडील, आणि चाकाला चाक लावून चालवावं तर त्यांनीच. शेवटच्या टप्प्यात दोघं तीन वळणं शेजारी शेजारी गेले. मी 'डावीकडे, पूर्ण' म्हणत राहिलो, धाकट्याने कागदाच्या जाडीएवढी जागा सोडली आणि चौथ्या वळणावर आतून निघून गेला. मला रडू आलं. हेडफोन काढून मी पाणी प्यायलो.

मग सगळ्यावर पाणी पडलं. कॅमेऱ्यांसमोर मास्तर त्याच्या डाव्या बाजूने आले आणि त्यांनी हात पुढे केला. धाकटा समोर बघून हसत राहिला. हात तसाच हवेत राहिला. मास्तरांनी तो हळूच मागे घेतला आणि स्वतःच्या टोपीला लावला. टीव्हीवर सतरा वेळा दाखवलं असेल.

मी त्याला विचारलं, ही कुठली पद्धत? तो पांढरा पडला. "कधी? कधी आले ते?" असं दोनदा विचारलं, आणि मग एकदम थांबून म्हणाला की मुद्दाम केलं नाही, गर्दीत लक्ष गेलं नाही. संध्याकाळी मास्तरांच्या खोलीवर जाऊन माफी मागून आला, तेवढं चांगलं केलं. मास्तर मोठे आहेत. वार्ताहरांना त्यांनी सांगितलं, "पोरगा आडदांड आहे, पण बघून चालवतो. शेजारून जायला मला त्याची भीती वाटत नाही."

घरी फोन केला तर बायको जिंकल्याबद्दल एक शब्द बोलली नाही. हाताचं काय झालं, तेच विचारत राहिली.

३ मे, रविवार

मास्तर रुग्णालयात आहेत. अजून शुद्धीवर नाहीत.

जे झालं ते तसंच लिहितो. निम्मी शर्यत झाल्यावर रेडिओ गेला. मी बटण दाबत होतो, दुसऱ्या हेडफोनवरून बोललो, तंत्रज्ञाने तार बदलली. काही नाही. नियमाप्रमाणे आम्ही फलक धरला, 'रेडिओ बंद'. त्याने हात वर करून वाचल्याचं दाखवलं. रेडिओवाचून शर्यत थांबत नाही. सगळेच चालक तशी पुरी करतात. मला फक्त पुढच्या टायरबदलाची काळजी होती.

दोन फेऱ्या तो सावकाश गेला. मला वाटलं टायर वाचवतोय. मास्तर मागून आले. वेगाच्या एका डाव्या वळणाआधी ते आतल्या बाजूने शेजारी पोचले, जवळजवळ खांद्याला खांदा. कॅमेऱ्यात स्पष्ट दिसत होतं. मी बंद रेडिओत ओरडत होतो, 'डावीकडे पूर्ण, डावीकडे पूर्ण'. शेजारचे लोक माझ्याकडे बघत होते.

धाकटा वळला. मास्तरांची गाडी त्याच्या चाकावर चढली आणि कठड्यापलीकडे गेली.

त्याला ओरखडासुद्धा नाही.

५ मे, मंगळवार

आज पंचांपुढे सुनावणी. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि भिंतीवर आमच्या गाडीचे आलेख. ते मीच काढून दिले होते.

स्टिअरिंग क्षणोक्षणी किती वळलं त्याची रेषा मी रात्रंदिवस बघतोय. शेजारी कुणी आहे हे माहीत असून वळणाऱ्या चालकाचा हात कुठेतरी अडखळतो. कितीही माजोरी असो, शरीर घाबरतं आणि रेषेवर बारीकसा दात उमटतो. पहिल्या शर्यतीपासूनचे त्याचे सगळे कट मी काढून बघितले. एकाही रेषेवर दात नाही. परवाच्या वळणावर तर रेषा तेलासारखी गुळगुळीत, रस्ता मोकळा असताना असते तशी. एवढ्या वर्षांत एवढा थंड हात मी पाहिला नाही. मुख्य पंचबाईंनी मला विचारलं की याचा अर्थ काय लावायचा. मी म्हणालो, माझं काम मोजायचं आहे.

त्यांनी धाकट्याला सुटायची वाट ठेवली होती. तुला ते दिसले नसण्याची शक्यता आहे का, असं पंचबाईंनी सरळ विचारलं. दिसले नाहीत म्हणाला असता तर चूक ठरली असती, कदाचित एका शर्यतीवर निभावलं असतं.

तो म्हणाला, "दिसले होते. जागा द्यायची नव्हती."

तीन शर्यतींची बंदी. बाहेर आल्यावर तो 'दाजी' म्हणून माझ्याजवळ आला. मी दुसऱ्या बाजूने निघून आलो.

९ मे, शनिवार

मास्तर शुद्धीवर आले. दोन्ही पाय आणि कंबर मोडली आहे. पुन्हा चालतील, गाडी चालवणार नाहीत.

घरात तोंडाला तोंड लागलं. मी बायकोला म्हणालो की तुझा भाऊ कसाई आहे. ती म्हणाली, तो तसा नाही. मी म्हणालो, त्यानेच कबूल केलंय, दहा माणसांसमोर. ती अंगावरच्या कपड्यांनिशी रुग्णालयात निघून गेली. रोज जाते, मास्तरांच्या बायकोपाशी बसते. माझी बायको मनाने फार चांगली आहे. भावाचं पाप स्वतः फेडायला बघते.

धाकटा तिच्याकडून निरोप पाठवतो. मी घेत नाही.

२४ मे, रविवार

आज त्याच्या जागी राखीव चालक होता. हसरा, टगा मुलगा. मी कामाला बसलो, रेडिओ लावला आणि पहिल्याच फेरीत सवयीने म्हणालो, "डावीकडे, अर्धी गाडी."

उत्तर आलं नाही. दुसऱ्या वळणावर पुन्हा म्हणालो, "डावीकडे, पूर्ण."

"दिसतंय मला," तो वैतागून म्हणाला. "डोळे आहेत. तुम्ही अंतर सांगा."

बरोबरच बोलला. कुठलाही चालक हेच बोलला असता. मी बटणावरचं बोट उचललं आणि त्यानंतर किती फेऱ्या मी काहीच बोललो नाही, कोण जाणे. शेजारच्याने मला कोपराने ढोसलं तेव्हा भानावर आलो.

शर्यत संपल्यावर सगळे आवरत होते तेव्हा मी जुने आलेख उघडले. गवतात गेलेलं पोरगं, डावीकडे. मोडलेला पंख, डावीकडे. आमची दुसरी गाडी, डावीकडे. उजव्या बाजूच्या ओव्हरटेकमध्ये त्याच्या रेषेवर प्रत्येक वेळी दात आहे, अगदी भित्र्या माणसाचा असावा तसा. गाडीत डोकं दोन गाद्यांमध्ये अडकलेलं असतं, मान वळत नाही. शेजारचं जे काही बघायचं ते डोळ्याच्या कोपऱ्याने. आणि तक्त्यावरची अक्षरं तर समोर असतात.

हवेत राहिलेला हात. दाराची चौकट. माझी खुर्ची, डाव्या हाताला भिंत.

तो थंड हात नव्हता. त्याच्या लेखी तिथे कुणी नव्हतंच.

२६ मे, मंगळवार

घरी आलो. बायको खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती.

"त्याला डावीकडचं दिसत नाही," मी म्हणालो.

तिने हातातला सदरा मांडीवर ठेवला. आश्चर्य वाटल्याचं नाटकसुद्धा केलं नाही.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"फेब्रुवारीपासून. मी चहा दिला तर कप हवेतच सुटला. मग सांगितलं त्याने. शपथ घातली."

आणखीही पुष्कळ बोलली. समोरचं लख्ख दिसतं, कडेचं गेलंय. तो म्हणायचा की आडदांड म्हटलेलं चालेल, निकामी म्हटलेलं नाही. एकच मोसम, मग मी होऊन सोडतो. ती घाबरली आणि तिने मला त्याच्या कानात नेऊन बसवलं. हट्ट त्यासाठी होता. बाजू सांगायचं त्यासाठीच सुचवलं होतं. आणि मी अंघोळ करताना ती माझी युक्ती करून टाकली होती. शिस्त म्हणे.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू बोलला असतास का रेडिओवर?"

"नाही. पहिल्याच दिवशी त्याला गाडीतून उतरवलं असतं."

"म्हणून," ती म्हणाली. मग तिला हुंदका आला. "मला वाटलं तू आहेस ना. तू कधी चुकत नाहीस. रेडिओ बंद पडतो हे मला माहीतच नव्हतं रे."

मला तिचा भयंकर राग आला आणि तिच्याजवळ जाऊन बसावंसंही वाटलं. यातलं काहीच केलं नाही. महिनाभर मी त्याचा डोळा होतो आणि मला कुणी विचारलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे मी ते काम फार चांगलं केलं. वाईट केलं असतं तर तो एप्रिलमध्येच पकडला गेला असता आणि मास्तर आज आपल्या पायांवर असते.

२८ मे, गुरुवार

धाकट्याला कारखान्यात बोलावलं. बंदीनंतरच्या तयारीसाठी म्हणून सिम्युलेटरची खोली मागून घेतली होती. आम्ही दोघंच. तो खुशीत आला, माझा राग गेला असं त्याला वाटलं. बसता बसता म्हणाला, "दाजी, आज बोलाल ना? नुसतं बोलत राहा, बाकी मी बघतो."

मी रेडिओ चालू केला आणि काही बोललो नाही.

पहिल्याच फेरीत डावीकडे एक गाडी आणून सोडली. तो तिच्यावर गेला. खोट्या गाड्यांना आवाज फार असतो, इजा नसते. मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा डावीकडे. पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी तो सरळ रस्त्यावरच हळू झाला आणि थांबला.

"दाजी, बोला ना," तो म्हणाला.

मी बटण दाबलं.  "आत्ता तुझ्या डावीकडे किती गाड्या आहेत, तू सांग."

त्याने मान वळवायचा प्रयत्न केला. गाद्यांमध्ये हेल्मेट जरासं हललं, एवढंच. हात स्टिअरिंगवर तसेच.

"नाही सांगता येत," शेवटी तो म्हणाला.

दोन होत्या.

त्याने स्वतःच पडदा बंद केला. अंधारात हेल्मेट काढून मांडीवर घेऊन बसला. मी जाऊन त्याच्या उजव्या बाजूला उकिडवा बसलो. तो रडला नाही. तो म्हणाला की त्या दिवशी 'रेडिओ बंद' वाचलं तेव्हाच मी गाडी आत आणून थांबवायला हवी होती. फक्त पुढची फेरी, फक्त पुढची फेरी, असं करत राहिलो. मग विचारलं, "ताईला रागावलात?" मी म्हणालो, सगळा राग तुम्हा दोघांवरच काढला नाही, स्वतःसाठीही थोडा शिल्लक ठेवलाय.

तिथून तो स्वतःच्या पायांनी डॉक्टरीणबाईंकडे गेला. मी साहेबांकडे. पंचांनाही आम्ही दोघांनी कळवलं, जे झालं ते सगळं, माझ्या बाजूसह. साहेबांनी मला चौकशी संपेपर्यंत घरी बसायला सांगितलं. तेही बरोबरच आहे.

३० मे, शनिवार

मास्तरांना टीव्हीवरून कळण्याआधी आपण सांगायचं, असं धाकट्याने ठरवलं होतं. मी बरोबर गेलो.

मास्तर उशांना टेकून बसले होते. पाय लोखंडी सांगाड्यात. धाकटा पलंगाजवळ त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला आणि एका दमात बोलला. मी तुम्हाला पाहिलं नव्हतं. मला डावीकडचं दिसतच नाही. पंचांपुढे खोटं बोललो.

मास्तर मग म्हणाले, "मी एवढ्या जवळ आलो ते तू बघतोयस म्हणून आलो. दुसरा कुणी असता तर आलो नसतो."

 धाकटा तसाच उभा.

मग मास्तरांनी उजवा हात चादरीवरून उचलला आणि पुढे केला. धाकट्याच्या डाव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर. सलाइनची नळी हलली. मी समोरच होतो. माझ्या जिभेवर 'डावीकडे' आलं होतं, पण मी दातांत धरून ठेवलं. आता मी त्याच्या वतीने बघणार नव्हतो.

धाकटा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. हात तिथेच होता आणि त्याला पत्ता नव्हता. मास्तरांनी आधी त्याचे डोळे बघितले, मग स्वतःचा हात, मग माझ्याकडे. त्यांचे डोळे भरून आले. हात हळूच मागे जाऊन चादरीवर पडला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "जा आता."

बाहेर लांब व्हरांड्यात बाकावर बायको बसली होती, मास्तरांच्या बायकोशेजारी. धाकटा भिंतीला टेकला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"माफ नाही केलं त्यांनी," तो म्हणाला. "साहजिक आहे."

मी म्हणालो, "त्यांनी हात पुढे केला होता."

"कुठे?"

 त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याने आपल्या डाव्या हाताकडे मान पूर्ण वळवून बघितलं, तिथे अजून काही असल्यासारखं.

तो परत निघाला. आत जाताना दाराच्या चौकटीवर त्याचा डावा खांदा जोरात आपटला. बायको उठायला लागली, मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. धाकटा दारातच थांबला, पूर्ण डावीकडे वळला, नीट बघून घेतलं आणि मग आत गेला.